ग्रामसंस्था, मराठेकालीन

मध्ययुगीन महाराष्ट्रातील गावाने आपला महसूल, न्यायनिवाडा, संरक्षण, कारागिरी व धर्मकृत्ये यांची व्यवस्था लावण्यासाठी उभारलेली वंशपरंपरागत स्थानिक यंत्रणा. तिलाच ‘गावगाडा’ असे रूढ नाव आहे. वतन हा या संस्थेचा पाया, बलुतेपद्धती हे तिचे अर्थकारण आणि गोतसभा हे तिचे विचारपीठ होय. बहमनी काळापासून १८१८ मध्ये पेशवाई संपेपर्यंत राजवटी अनेक बदलल्या. परंतु गावाचा अंतर्गत कारभार बव्हंशी याच चौकटीत चालत राहिला. सतराव्या व अठराव्या शतकांतील महजर, निवाडपत्रे, मिरासपत्रे, थळझाडे इ. कागदपत्रांतून या कारभाराचे स्वरूप कळते. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने (स्था. १९१०) व वि. का. राजवाडे यांच्यासारख्या संशोधकांनी अशी बरीच कागदपत्रे प्रसिद्ध केली आहेत. या संस्थेत गावातील अगदी खालच्या मानल्या गेलेल्या वतनदारालाही निवाड्यावर आपली निशाणी करण्याचा अधिकार होता. मात्र तो अधिकार माणूस म्हणून नव्हे, तर वतनदार म्हणून त्याला मिळे. ग्रामसंस्थेचे बळ आणि तिची मर्यादा या दोहोंचे मूळ या एकाच गोष्टीत आहे.

गावाची रचना : शेतकीप्रधान गावाला ‘मौजे’, बाजारपेठ असलेल्या मोठ्या गावाला ‘कसबा’ आणि मुख्य गावाला जोडलेल्या लहान वस्तीला ‘वाडी’ किंवा ‘मजरे’ म्हणत. गावच्या जमिनीचे ‘पांढरी’ व ‘काळी’ असे दोन भाग मानले जात. पांढरी म्हणजे वस्तीची जागा व काळी म्हणजे लागवडीची जमीन. काळीची मशागत करणारा व पांढरीत घर असणारा तोच खरा गावकरी, अशी समजूत होती. त्यामुळे ‘पांढरी’ हा शब्द पुढे समस्त गावकरी या अर्थानेही कागदपत्रांत येऊ लागला.

जमीन कसणाऱ्यांत मिरासदार व उपरी असे दोन वर्ग असत. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेने त्याच्याकडे चाले. तिची विक्री, गहाण वा वाटणी करण्याचा त्यास अधिकार असे. गावच्या जमिनीचे जे मूळ भाग पडले असत, त्यांस ‘थळ’ म्हणत. त्यावरून मिरासदारास ‘थळकरी’ असेही नाव होते. दुष्काळ, स्वारी किंवा कर्ज यांमुळे गाव सोडून गेलेला मिरासदार बऱ्याच वर्षांनी परतला, तरी त्याचा हक्क सहसा बुडत नसे. उपरी हा बाहेरून आलेला कसणारा. तो ठरावीक मुदतीच्या कौलाने जमीन करी, सारा बहुधा कमी देई. पण गावच्या मानपानात व सभेत त्यास स्थान नसे. एखादे कूळ नष्ट झाले, तर त्याची ‘गतकुळी’ जमीन गावाच्या ताब्यात येई आणि पाटील व समस्त पांढरी मिळून नव्या माणसास ती मिरासपत्राने देत. असे मिरासपत्र मिळालेला उपरी त्यामुळे गावकरी होई.

सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील मावळ प्रदेशात या सर्वसाधारण रचनेला डोंगराळ भूमीचे वळण लाभले. पुण्याहून पौडकडे जाणाऱ्या वाटेवरील, रामनदीच्या उगमाजवळचे भुकूम हे अशा प्रकारच्या मावळी गावांपैकी एक (सध्या पुणे जिल्हा, मुळशी तालुका). या भागात सपाट, काळीभोर जमीन थोडी. ओढ्याकाठच्या सखल जागी भाताची खाचरे व डोंगरउतारावर नाचणी, वरई यांची पिके घेतली जात. वस्ती एकाच गावकुसात न राहता वाड्यावाड्यांतून विखुरलेली असे. नदीच्या खोऱ्यातील अशा गावांच्या समूहास ‘मावळ’ किंवा ‘खोरे’ म्हणत व त्यावर देशमुखाचे वतन असे. पौड खोऱ्यात ढमाले, मोसे खोऱ्यात पासलकर, कानद खोऱ्यात मरळ, तर गुंजण मावळात शिळिमकर ही देशमुख घराणी प्रसिद्ध आहेत.

वतनदार अधिकारी : गावचा प्रमुख पाटील. फार्सी कागदपत्रांत व मराठी दप्तरांत त्यास ‘मुकादम’ असेही म्हटले आहे. सरकारचा सारा वसूल करणे, पडीत जमीन लागवडीस आणणे, चोरीचा तपास लावणे, वाटसरूंचे रक्षण करणे व तंटे मिटविणे ही त्याची कामे होत. या कामांबद्दल त्यास इनाम जमीन व रयतेकडून निरनिराळ्या स्वरूपाचे हक्क मिळत. त्याचे स्थान दुहेरी होते. सरकारपुढे तो गावाचा प्रतिनिधी व गावापुढे सरकारचा अधिकारी असे. साऱ्याची आकारणी जबर झाली म्हणजे सूट मागण्यास तोच जाई आणि गावाकडून बाकी येणे राहिली किंवा शत्रूने खंडणी लादली म्हणजे ओलीस म्हणूनही अनेकदा त्यालाच नेत. पाटलाच्या हाताखाली चौगुला हा दुय्यम अधिकारी असे. कुलकर्णी हा गावचा लेखक. जमीन, लावणी, वसूल व बाकी यांचे सर्व दप्तर त्याच्या हाती असल्याने त्याचे वजन मोठे होते. कसब्यात व पेठेत शेटे व महाजन हे वतनदार व्यापाराची व्यवस्था पाहत. परगण्याच्या पातळीवर पाटलाच्या वर देशमुख व कुलकर्ण्याच्या वर देशपांडे असत.

वतनात उत्पन्नापेक्षाही मान मोलाचा समजला जाई. पोळ्याच्या दिवशी कोणाचे बैल पुढे चालावेत, होळीची पोळी प्रथम कोणी टाकावी, दसऱ्यास आपट्याचे पूजन कोणी करावे, लग्नात पहिला टिळा व विडा कोणाला द्यावा, यांचे क्रम ठरलेले असत. दारिद्र्यामुळे पाटलाने अर्धी पाटीलकी विकली, तर खरेदीपत्रात जमीन व हक्क यांबरोबर या प्रत्येक मानाची वाटणी काळजीपूर्वक लिहिली जाई. एका घराकडे वडीलपणाचा मान व दुसऱ्याकडे धाकटेपणाचा, अशी तडजोड होई. आजच्या वाचकास या गोष्टी क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु लेखी पुराव्याचा तुटवडा असलेल्या समाजात दरवर्षी चारचौघांसमक्ष पाळला गेलेला मान हाच हक्काचा जिवंत पुरावा होता. म्हणूनच पोळ्याच्या मिरवणुकीतील तंटा पुष्कळदा पिढ्यान्‌पिढ्या चाले.

बलुतेदार : गावास लागणारी कामे करून त्याबद्दल पिकाचा ठरावीक वाटा घेणाऱ्या वतनदारांस बलुतेदार म्हणत. त्यांची संख्या बारा मानलेली असली, तरी यादी प्रदेशपरत्वे बदलते. सुतार, लोहार, चांभार, महार, मांग, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, जोशी ही नावे बहुतेक सर्व याद्यांत आढळतात. सोनार, कोळी, मुलाणी यांचा समावेश कोठे होतो, कोठे होत नाही. कामाच्या निकडीप्रमाणे बलुतेदारांच्या थोरली, मधली व धाकटी अशा तीन ‘ओळी’ किंवा ‘कासा’ मानीत. शेतीस ज्यांच्यावाचून चालत नाही, ते सुतार, लोहार, चांभार व महार थोरल्या ओळीत येत व त्यांस वाटाही अधिक मिळे. सुगीच्या वेळी खळ्यावरच पेंढ्यांच्या किंवा धान्याच्या रूपाने बलुते दिले जाई. ज्यांची गरज केव्हातरी पडे, अशा अलुतेदारांस अनिश्चित व कमी मोबदला मिळे.

बलुतेदार हा एखाद्या कुटुंबाचा नोकर नसून गावाचा सेवक होता. उत्तर भारतातील जजमानी पद्धतीत कारागीर व विशिष्ट यजमान घराणी यांचे परस्परसंबंध असतात. तशी स्थिती महाराष्ट्रात नव्हती, हे हिरोशी फुकाझावा या जपानी इतिहासकाराने अठराव्या शतकातील कागदपत्रांच्या आधारे दाखवून दिले आहे. सुताराचे वतन साऱ्या गावाचे असे व त्याबाबत तंटा झाल्यास निर्णयही गावच देई. त्यामुळे एकट्यादुकट्या कुणब्यास कारागिराला गावातून घालविता येत नसे. त्याचप्रमाणे कारागीरही काम टाकून सहजासहजी दुसरीकडे जात नसे. या व्यवस्थेने जीविकेची शाश्वती दिली. मात्र धंदा बदलण्याची वा कसब वाढवून अधिक मिळविण्याची प्रेरणा तीत जवळजवळ उरली नाही.

गोतसभा : गावातील वतनदारांच्या समुदायास ‘गोत’ म्हणत. या शब्दाचा मूळ अर्थ नातेवाइकांचा समूह असा असला, तरी येथे पाटील, कुलकर्णी, चौगुला, मिरासदार व बलुतेदार या सर्वांचा त्यात अंतर्भाव होई. गोताने वादाचा निर्णय करण्यासाठी भरविलेली सभा ती गोतसभा. परगण्यातील तंट्यासाठी देशमुख, देशपांडे व आसपासच्या गावचे पाटील मिळून जी सभा भरे, तिला ‘देशकसभा’ म्हणत. सरकारी अधिकारी, काजी इ. सभेस हजर असल्यास तिला ‘मजलिस’ हे नाव मिळे.

वतन, मिरास, वाटणी, दत्तक व शिवेचे तंटे हे गोतसभेपुढील मुख्य विषय होत. सभा देवळात, चावडीवर किंवा नदीच्या संगमावर भरे. प्रथम वादी व प्रतिवादी यांच्याकडून निर्णय मान्य करण्याविषयी ‘राजीनामा’ व त्याबद्दल जामीन घेतला जाई. नंतर दोघेही आपापली ‘तकरीर’, म्हणजे हक्काची हकीकत, लिहून देत. जुनी कागदपत्रे पाहिली जात, शेजारच्या गावांचे पाटील व वृद्ध लोक यांच्या साक्षी होत. गावच्या शिवेच्या प्रश्नात महाराची साक्ष विशेष महत्त्वाची ठरे; कारण हद्दीचे दगड व खुणा यांची माहिती पिढीजात त्याच्याकडे असे. आपल्या गावचे गोत पक्षपाती आहे असे एखाद्या पक्षाला वाटल्यास तो ‘परस्थळ’ मागू शके, म्हणजे दूरच्या तटस्थ ठिकाणच्या गोतापुढे वाद नेऊ शके.

पुराव्याने निर्णय लागेना, तर दिव्य करण्याचा मार्ग उरे. रवादिव्यात उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने बाहेर काढावा लागे. त्याआधी हात धुऊन नखे काढीत. नंतर हातास पिशवी बांधून तीवर मोहोर करीत व तिसऱ्या दिवशी सभेपुढे ती सोडून हाताची पाहणी होई. शिवेच्या वादात एखाद्या मान्य माणसाने डोक्यावर माती घेऊन हद्द चालून दाखवावी व ती सर्वांनी कबूल करावी, अशीही रीत होती. दिव्याला न्यायाचे साधन मानणे आज अशक्य आहे. तथापि सभेचे बहुतेक काम साक्षी व कागदपत्रे यांवर चाले आणि दिव्य हा शेवटचा उपाय समजला जाई, हे ध्यानात घेतले पाहिजे.

निर्णय झाल्यावर ‘महजर’ लिहिला जाई. त्यात सभेस हजर असलेल्यांची नावे, वादाची हकीकत व निर्णय येई आणि खाली सर्वांच्या सह्या वा निशाण्या होत. कुणब्याची निशाणी नांगर, शेट्याची तराजू व कारागिरांची त्यांच्या त्यांच्या धंद्यातील हत्यारे असत. ज्याला अक्षर येत नाही, त्याचे नावही त्याच्या अवजाराच्या चित्राने कागदावर टिकून राहिले. महार व मांग यांच्या निशाण्याही अनेक महजरांवर आढळतात. महजर जिंकणाऱ्या पक्षाच्या घरी राही. गावात स्वतंत्र दप्तरखाना नव्हता. जिंकणाऱ्याने सरकारास ‘हरकी’ व हरणाऱ्याने ‘गुन्हेगारी’ द्यावयाची असे. त्यामुळे न्यायदान हे सरकारच्या उत्पन्नाचेही एक साधन होते.

गोतसभेजवळ निर्णय अमलात आणणारी फौज नव्हती. तिची खरी शक्ती बहिष्कारात होती. निर्णय न मानणारास गोत वाळीत टाकी. त्याच्याशी रोटीबेटीव्यवहार बंद होई आणि न्हावी, परीट त्याचे काम सोडून देत. प्रायश्चित्त घेऊन व गोताला जेवण घालूनच त्याला पुन्हा पंक्तीत घेतले जाई. बलुतेदार साऱ्या गावाचे असल्यामुळे हा बहिष्कार अत्यंत परिणामकारक ठरे.

सामाजिक जीवन : गावच्या एकोप्याचे केंद्र ग्रामदेवता असे. जत्रा, पालखी, पोळा, होळी, दसरा या प्रसंगी प्रत्येक वतनदाराला ठरलेले काम व ठरलेला मान असे. देऊळ, उत्सव, फकीर-गोसावी यांचा शिधा, पाहुण्यांची सरबराई यांसाठी ‘गावखर्च’ म्हणून वेगळी पट्टी बसविली जाई. प्रसंगी गावाच्या नावावर कर्जही काढीत. हा खर्च रास्त होता की पाटील-कुलकर्ण्यांच्या घरात मुरला, याविषयीच्या तक्रारीही कागदपत्रांत आहेत.

या एकोप्याला गावकुसाची सीमा होती. महार, मांग यांची वस्ती गावकुसाबाहेर असे. गावच्या वेशीची राखण, सरकारी निरोप व खजिना पोहोचविणे, वाटसरूंचे ओझे वाहणे, मेलेली जनावरे ओढणे, शिवेची माहिती ठेवणे ही कामे महाराकडे असत; त्याबद्दल त्यास बलुते व थोडी इनाम जमीन मिळे. आपले बावन्न हक्क बीदरच्या बादशहाने दिले, अशी महार समाजात परंपरा होती. गावाच्या सुरक्षिततेचा भार ज्याच्यावर आणि ज्याच्या साक्षीवर गावाची शीव ठरे, त्याला गावच्या देवळात व पाणवठ्यावर प्रवेश नव्हता. स्त्रिया सर्वसाधारणपणे सभेच्या सदस्य नसत. वतनदाराच्या विधवेने दत्तक घेऊन वतन चालविण्याचे प्रसंग मात्र पुष्कळ आढळतात. उपऱ्याला जमीन कसूनही आवाज नव्हता. अशा रीतीने ‘समस्त पांढरी’ या शब्दप्रयोगात समस्त रहिवाशांचा समावेश कधीच नव्हता.

राज्यसत्तेशी संबंध : गावाचे स्वातंत्र्य राजसत्तेने दिलेले नसले, तरी राजसत्तेपासून ते मुक्तही नव्हते. १६४६ मध्ये खेडेबारे तर्फेतील रांझे गावचा पाटील बाबाजी भिकाजी गुजर याने बदअमल केल्याचे सिद्ध झाल्यावरून शिवाजी महाराजांनी त्याचे हातपाय तोडण्याची शिक्षा दिली व त्याची पाटीलकी जप्त केली. पुढे त्याच घराण्यातील सोनजी गुजर याने बाबाजीच्या पालनपोषणाची जबाबदारी घेतली, तेव्हा ती त्यास देण्यात आली. या घटनेत दोन गोष्टी दिसतात : गावच्या प्रमुखाच्या अन्यायाविरुद्ध दाद देणारी सत्ता गावाबाहेर होती, आणि अपराधी दूर झाला, तरी वतन त्याच्या घराण्याबाहेर गेले नाही. रामचंद्रपंत अमात्य यांच्या आज्ञापत्रात (सु. १७१५) वतनदारांना राज्याचे वाटेकरीच मानले असून त्यांना सांभाळावे पण शिरजोर होऊ देऊ नये, असे धोरण सांगितले आहे.

राजसत्तेशी वाटाघाट करण्याचे गावाचे प्रभावी साधन म्हणजे गाव सोडून जाणे. जुलूम असह्य झाला की रयत परागंदा होई व जमीन पडीत राही. मग सरकार कौल देऊन तिला परत बोलावी आणि पडीत जमिनीस काही वर्षे क्रमाने वाढत जाणारा सारा, म्हणजे ‘इस्तावा’, लावून देई. जमीन मुबलक व माणसे थोडी असेपर्यंतच हे साधन उपयोगी पडले. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत (१७९६–१८१८) महसुलाचे मक्ते अधिक बोली करणाऱ्यास देण्याची पद्धत बोकाळली व मक्तेदारांच्या पिळवणुकीने अनेक गावे मोडकळीस आली. न्यायाच्या बाबतीतही पेशवाईत गोतसभेऐवजी नेमलेल्या पंचांच्या पंचायतीचे प्रमाण वाढले होते.

इंग्लंडमधील मॅनरशी तुलना : मध्ययुगीन इंग्लंडमधील ‘मॅनर’ या जहागिरी गावाशी मराठी गावाचे काही बाबतींत साम्य दिसते. तेथेही खुल्या शेतांची मशागत सर्वांनी ठरविलेल्या क्रमाने होई, ‘रीव्ह’ नावाचा कारभारी पुष्कळ ठिकाणी गावकऱ्यांतूनच निवडला जाई व मॅनरच्या न्यायसभेत गावकरीच गावच्या रूढी सांगून निर्णय करीत. परंतु ती सभा जहागीरदाराची होती. तिचा दंड त्याच्याकडे जाई व बद्ध कुळास त्याच्या शेतावर ठरावीक दिवस राबावे लागे. मुलीच्या लग्नासाठीही त्याला पैसे द्यावे लागत. मराठी गावात असा मध्यवर्ती जमीनमालक नव्हता. पाटील हा कितीही प्रबळ झाला, तरी समानांतील पहिला, म्हणजे मिरासदारांपैकीच एक असे.

दुसरा भेद नोंदींचा आहे. तेराव्या शतकापासून मॅनरच्या सभेच्या नोंदवह्या सलग लिहिल्या गेल्या. त्यातील उतारा हाच कुळाच्या हक्काचा दाखला ठरून ‘कॉपीहोल्ड’ हा धारणाप्रकार निर्माण झाला व तो १९२६ पर्यंत टिकला. महाराष्ट्रात दप्तर कुलकर्ण्याच्या घरी व महजर पक्षकाराच्या घरी राहिला. परिणामी हक्काची स्मृती घराण्यांत साठली, संस्थेत साठली नाही. मॅनरमधील बद्ध कूळ कायद्याने परतंत्र होते, पण त्याची अवस्था कालांतराने पालटू शकली. गावकुसाबाहेरच्या महाराला वतनाचा हक्क होता, पण जन्माने ठरलेले त्याचे स्थान पिढ्या उलटल्या, तरी बदलले नाही.

ब्रिटिश अंमल व ऱ्हास : पेशव्यांचा मुलूख ताब्यात आल्यावर मौंटस्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ च्या आपल्या अहवालात गावांना लहानशी राज्येच मानून, वरचे सरकार नाहीसे झाले तरी आपल्या लोकांचे रक्षण करण्याइतके सामर्थ्य त्यांत आहे, असे मत नोंदविले. पंचायत टिकविण्याचा त्याचा प्रयत्न होता. परंतु दिवाणी न्यायालये, लेखी कायदे व अपिले यांपुढे ती निष्प्रभ झाली. इंदापूर येथे १८३५–३६ पासून गोल्डस्मिड व विंगेट यांनी सुरू केलेल्या पाहणीतून रयतवारी पद्धत स्थिरावली. साऱ्याची जबाबदारी गावाऐवजी प्रत्येक खातेदारावर आली. मिरासदार व उपरी हा भेद कायद्यापुढे संपला, ही त्यातील इष्ट बाजू. पण सावकारापुढे शेतकरी एकटा पडला, ही अनिष्ट बाजू होय. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे सुरू झालेल्या दख्खनच्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे व दस्तऐवज जाळले, ही या बदलाची तीव्र प्रतिक्रिया होती. १८६७ च्या ग्रामपोलीस कायद्याने व १८७४ च्या वतन कायद्याने पाटील व महार हे प्रायः सरकारचे नोकर बनले.

पुणे परिसरातील खेड्यांच्या अभ्यासातून हे स्थित्यंतर दिसून येते. थॉमस कोट्स याने वर्णिलेल्या लोणी गावाचा वृत्तांत १८२३ मध्ये प्रसिद्ध झाला, गो. स. घुर्ये यांनी त्याच लोणीकंदचा नव्याने अभ्यास करून १९६० मध्ये तो प्रसिद्ध केला. हॅरल्ड मान याच्या पिंपळे सौदागरच्या पाहणीत (१९१७) सरासरी धारणक्षेत्र १७७१ मध्ये ४० एकर होते, ते विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ७ एकरांवर आल्याचे दाखविले आहे. मुळशी धरणासाठी टाटा कंपनीकरिता जमिनी घेण्यात येऊ लागल्या, तेव्हा १९२१ मध्ये मावळ्यांनी सेनापती बापट प्रभृतींच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. तोवर गाव ही कायद्याने मान्य असलेली पक्षकार संस्था राहिली नव्हती. भूसंपादनाची नोटीस खातेदाराला मिळत होती, पांढरीला नव्हे.

मूल्यमापन : चार्ल्स मेटकाफ याने १८३० मध्ये भारतीय खेड्यांस लहान गणराज्ये म्हटले व त्यातून स्वयंपूर्ण, शांत खेड्याचे चित्र रूढ झाले. त्रिंबक नारायण आत्रे यांनी गावगाडा (१९१५) या ग्रंथात त्याची दुसरी बाजू मांडली. वंशपरंपरागत वतनामुळे काम न करता हक्क घेण्याची प्रवृत्ती वाढते व तिचा भार कष्टकरी कुणब्यावर पडतो, हे त्यांनी तपशीलवार दाखविले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात १८७४ चा वतन कायदा सुधारण्यासाठी विधेयक मांडले. अल्प जमिनीच्या व अनिश्चित बलुत्याच्या मोबदल्यात अख्ख्या कुटुंबाला रात्रंदिवस सेवेस बांधून ठेवणारे महार वतन हे मान नसून दास्य आहे, अशी त्यांची भूमिका होती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याच्या गौरवीकरणावर त्यांनी कठोर टीका केली व व्यक्ती हाच राज्यघटनेचा घटक असल्याचे समर्थन केले. तरीही संविधानाच्या ४० व्या अनुच्छेदात ग्रामपंचायती संघटित करण्याचे तत्त्व समाविष्ट झाले.

स्वातंत्र्यानंतर वतने टप्प्याटप्प्याने नष्ट करण्यात आली. १९५० च्या कायद्याने परगणे व कुलकर्णी वतने गेली व दप्तर पगारी तलाठ्याकडे आले. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द होऊन महारकीचे बंधन संपले. वतनाच्या जमिनी कब्जेहक्काची किंमत भरून पूर्वीच्या धारकांना पुन्हा मिळण्याची तरतूद झाली. मुलकी पाटलाचे पद १९६२ च्या कायद्याने रद्द झाले. पोलीस पाटील हे पद राहिले; पण ते नेमणुकीचे आहे, वारशाचे नाही. त्याच सुमारास मुंबई ग्रामपंचायत अधिनियम १९५८ अन्वये प्रौढ मतदानाने निवडलेली पंचायत व सर्व मतदारांची ग्रामसभा अस्तित्वात आली. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेस संविधानिक स्थान व अनुसूचित जाती, जमाती आणि स्त्रिया यांना राखीव जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्त्रियांचे प्रमाण निम्म्यावर नेले.

गोतसभा व ग्रामसभा यांतील मुख्य अंतर सभासदत्वाच्या आधारात आहे. पहिलीत बसण्याचा अधिकार वतनातून येई. दुसरीत तो रहिवासातून व मतातून येतो. पुण्याच्या विस्ताराच्या कक्षेत आलेल्या भुकूमसारख्या गावांत हे अंतर स्पष्ट दिसते. तेथे जुन्या खातेदार घराण्यांबरोबर बाहेरून येऊन स्थायिक झालेले लोकही मतदार असतात. जुन्या परिभाषेत ते उपरी ठरले असते. पाणी, रस्ते, ओढ्यानाल्यांचे रक्षण व जमिनीचा वापर या प्रश्नांवर त्या सर्वांना एकत्र निर्णय घ्यावा लागतो. गोतसभेजवळ वाळीत टाकण्याचे अमानुष हत्यार होते. तसेच प्रत्यक्ष उपस्थिती, सर्वांसमक्ष चौकशी व निर्णयाखाली प्रत्येकाची निशाणी हे गुणही होते. महाराष्ट्रात २०१७ पासून लागू असलेल्या कायद्याने सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरविला आहे. गोतसभेचे ते हत्यार त्यामुळे कायद्याने निषिद्ध झाले. तिचे गुण ग्रामसभेत उतरविणे मात्र कायद्याने आपोआप घडत नाही, ते सभासदांच्या सहभागावर अवलंबून आहे.